वादळ दोन तासांत निघून जातं, मग लाईट यायला तीन-तीन आठवडे का लागतात?

रत्नागिरी शहरातून राजिवड्याच्या बाजूनं काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागतं. एका बाजूला समुद्र, किनाऱ्याला धरून सुरूचं बन, आत माडांच्या वाड्या आणि कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र. फिरायला येणाऱ्याला यात फोटो दिसतो. वीज कंपनीच्या लाइनमनला यात वेगळंच काहीतरी दिसतं. उंच झाडं, मऊ पुळण, खारा वारा आणि मधोमध खाडी. विजेच्या तारांचे हे चार वैरी एकाच गावात आहेत.

कोकणच्या किनाऱ्यावरच्या जवळपास प्रत्येक गावाची हीच गोष्ट. त्यामुळे चक्रीवादळ आलं की पहिली जाते ती लाईट आणि सगळ्यात शेवटी येते तीही लाईटच. मग गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेले मेसेज सुरू होतात. 'खालच्या वाडीत आली, आपल्याकडे का नाही?' 'सकाळपासून एक पण वायरमन फिरकला नाही.' 'दहा मिनिटं आली आणि परत गेली.'

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींना उत्तरं आहेत. ती समजून घ्यायला २०२० च्या जूनमध्ये जाऊया.

३ जून २०२०

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतकं तीव्र वादळ १८९१ नंतर आलं नव्हतं, असं तेव्हा सांगितलं गेलं.

वादळाचं केंद्र रायगडात असलं तरी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मोठा मार बसला. आपल्याकडची चक्रीवादळं घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरतात. त्यामुळे वादळ ज्या दिशेनं पुढे सरकतं, त्याच्या उजव्या हाताला वारा जास्त जोरात लागतो. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं आणि मंडणगड, दापोली हे तालुके त्याच्या उजव्या हाताला होते. केळशी, आंजर्ले, हर्णै, वेळास, बाणकोट या पट्ट्यात माड, पोफळी, आंबे अक्षरशः आडवे झाले. तिथून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, रत्नागिरीजवळच्या मिऱ्या बंधाऱ्यावर 'बसरा स्टार' हे जहाज त्याच दिवशी येऊन आदळलं आणि पुढे अनेक वर्षं तिथंच पडून राहिलं. रत्नागिरीकरांच्या आठवणीत निसर्ग म्हणजे हे जहाज.

दापोली-मंडणगड आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या लोकांच्या आठवणीत मात्र निसर्ग म्हणजे अंधार. तालुक्याच्या गावांमध्ये वीज काही दिवसांत यायला लागली. आतल्या कित्येक गावांना आठवडे लागले, आणि काही वाड्या महिना उलटला तरी अंधारातच होत्या. तोही कोरोनाचा काळ. शहरातून परतलेले चाकरमानी घरात, शाळा मोबाइलवर जाण्याच्या बेतात, आणि मोबाइल चार्ज करायला लाईट नाही. पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही. टॉवरला वीज नाही म्हणून रेंज नाही, आणि रेंज नाही म्हणून लाईट गेल्याची तक्रारही करता येत नाही.

वीज घरापर्यंत येते कशी?

एखादं झाड डोळ्यांसमोर आणा. बुंधा, मोठ्या फांद्या, लहान फांद्या, डहाळ्या आणि शेवटी पानं.

बुंधा म्हणजे महापारेषणच्या अतिउच्चदाब वाहिन्या. डोंगरांवरून जाणारे ते मोठे लोखंडी मनोरे. (जुन्या वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले. वीज तयार करते महानिर्मिती, दूरवर वाहून नेते महापारेषण आणि घरोघरी पोहोचवते महावितरण. आपण अजूनही सगळ्यांना 'एमएसईबी' म्हणतो तो भाग वेगळा.) या बुंध्यातून वीज महावितरणच्या उपकेंद्रात येते आणि तिथं ३३ हजार व्होल्टची ११ हजार व्होल्ट होते. उपकेंद्रातून फिडर निघतात. एकेक फिडर गावागावांतून किलोमीटरच्या किलोमीटर फिरतो. वाटेत ठिकठिकाणी रोहित्रं असतात. हा कागदावरचा शब्द झाला, आपण त्याला डीपी म्हणतो. डीपीत ११ हजार व्होल्टची वीज घरात वापरण्याजोगी होते, तिथून लघुदाबाच्या तारा वाडीतून फिरतात, आणि शेवटच्या खांबावरून तुमच्या मीटरपर्यंत सर्व्हिस वायर येते.

आता वादळानंतर दुरुस्ती कुठून सुरू करायची? उत्तर एकच आहे, बुंध्याकडून. उपकेंद्रालाच वीज मिळत नसेल तर वाडीतले सगळे खांब उभे करूनही काही उपयोग नाही. म्हणून आधी मनोरे आणि ३३ केव्हीच्या लाइन, मग उपकेंद्र, मग फिडर, मग डीपी, मग लघुदाब, आणि सगळ्यात शेवटी एकेक घर. यात रुग्णालयं, पाणीपुरवठा योजना, मोबाइल टॉवर यांना पुढचा नंबर मिळतो.

आणखी एक गणित असतं, त्यावर उघडपणे कुणी बोलत नाही. एका दिवसात एक टीम दोन जागी काम करू शकते असं समजा. एका जागी तीन खांब उभे केले की चारशे घरांत उजेड पडतो. दुसऱ्या जागी तीनच खांब, पण घरं नऊ. टीम आधी कुठे जाईल? चारशे घरांकडेच जाईल, आणि ते बरोबरही आहे. पण त्या नऊ घरांसाठी हा हिशोब रोज नव्यानं मांडला जातो आणि रोज ती हरतात. कोकणात घरं एका जागी दाटीनं नसतात. वाडी डोंगराच्या कुशीत, त्यातही एखादं घर खाली पऱ्याजवळ, एखादं वर सड्यावर. त्यामुळे इथं ही 'नऊ घरं' जागोजागी आहेत.

'खालच्या वाडीत आली, आपल्याकडे का नाही' याचं साधं उत्तर म्हणजे दोन्ही वाड्या शेजारी असल्या तरी त्या एकाच फांदीवर असतील असं नाही. तुमचा डीपी वेगळा असेल, कदाचित फिडरही वेगळा असेल. रस्त्याच्या अलीकडचं घर एका फिडरवर आणि पलीकडचं दुसऱ्यावर, असं सर्रास असतं. नकाशावरचं अंतर आणि तारेवरचं अंतर यांचा काही संबंध नाही.

एक खांब उभा करायचा म्हणजे

सगळा वेळ जातो तो इथं.

आधी खांब पडतात का, ते बघू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात जो खांब ठणठणीत उभा असतो, त्याच्यावर १२० च्या वाऱ्यात चौपट जोर येतो. तरीही नुसत्या वाऱ्यानं पडणारे खांब कमीच. बहुतेक खांब झाडांमुळे पडतात. माड तारेवर कोसळतो, तार तुटत नाही, ती दोन्हीकडच्या खांबांना ओढते. एक खांब मोडला की पलीकडच्या खांबावरचा तोल जातो. दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना सावरून असतात, त्यातली एक बाजू सुटली की दुसरी बाजू खांबाला खेचून घेते. अशा तऱ्हेनं एका झाडापायी ओळीनं पाच-सात खांब आडवे होतात.

सिमेंटचा खांब आठ किंवा नऊ मीटर लांब असतो आणि त्याचं वजन तीनशे-चारशे किलोंच्या घरात जातं. तो साधारण लांबीच्या सहाव्या हिश्श्याइतका जमिनीत गाडावा लागतो. म्हणजे नऊ मीटरच्या खांबाला दीड मीटरचा खड्डा. देशावरच्या काळ्या मातीत हा खड्डा ही काही फार मोठी गोष्ट नाही. कोकणात हातभर माती गेली की जांभा लागतो, आणि मग पहारीनं एकेक टवका काढत बसावं लागतं. किनाऱ्यालगत उलटं. भाट्येसारख्या ठिकाणी पुळणीत खड्डा खणला की कडा ढासळत राहतात आणि थोडं खाली गेलं की पाणी लागतं.

खड्डा झाला. आता खांब तिथवर न्यायचा कसा? रस्त्याच्या कडेला असेल तर क्रेन किंवा हायड्रा लावता येतो. पण लाइन बागायतीतून जात असेल तर गाडी जाते ती गडग्यापर्यंतच. तिथून पुढे दोरखंड, वासे आणि माणसांचे खांदे. दहा-बारा जण मिळून तो खांब पाखाडीवरून, पडलेल्या माडांवरून नेतात. परदेशातल्या वादळांच्या व्हिडिओत बादलीसारखा पाळणा असलेले ट्रक दिसतात, त्यात उभं राहून कर्मचारी आरामात वर जाऊन काम करतो. तो ट्रक पोफळीच्या बागेत शिरणार कसा? इथं शिडी, दोरी, कमरेचा पट्टा आणि पाऊस.

त्याआधी झाडं कापावी लागतात, हे तर राहूनच गेलं. आणि इथं एक बोच आहे. तारेवर पडलेला तो माड कुणाचा तरी असतो. पंधरा-वीस वर्षं वाढवलेला आंबा मुळासकट उपटला गेलाय, त्याचा पंचनामा अजून झालेला नाही, तो झाल्याशिवाय भरपाई नाही, आणि तेवढ्यात वीज कंपनीची माणसं करवत घेऊन दारात. निसर्गनंतर बागायतदारांनी झाडं कापायला नाही म्हटलं तर त्यात आडमुठेपणापेक्षा धास्ती जास्त होती. एका सरकारी यंत्रणेला झाड हलवायचं आहे, दुसरीला ते आहे तसं बघायचं आहे.

खांब उभा राहिला की वर आडवी लोखंडी पट्टी, त्यावर चिनी मातीचे इन्सुलेटर, मग तार ओढणं, ताण देणं, झंपर जोडणं. हे सगळं झाल्यावर एका खांबाचं काम संपलं. समजा एका तालुक्यात दोन हजार खांब पडलेत, चाळीस टीम आहेत आणि प्रत्येक टीम दिवसाला पाच खांब उभे करते. दहा दिवस झाले. पण हे कधी, तर खांब, तार, इन्सुलेटर सगळं हाताशी असेल, रस्ते मोकळे असतील आणि पाऊस थांबला असेल तर. निसर्ग गेलं आणि काही दिवसांतच कोकणात मान्सून पोहोचला.

घाटावरून आलेली माणसं

कुठल्याही तालुक्यात एवढी माणसं कायम नेमून ठेवलेली नसतात. रोजची कामं निभावतील एवढीच असतात, आणि रिक्त पदं मोजली तर तेवढीही नसतात. म्हणून मोठ्या वादळानंतर बाहेरून कुमक येते. निसर्गच्या वेळी कोल्हापूर, बारामती अशा महावितरणच्या इतर परिमंडळांतून पथकं कोकणात उतरली. त्यात कंपनीचे तंत्रज्ञ होते (महावितरण त्यांना 'जनमित्र' म्हणतं), आणि ठेकेदारांचे कामगारही मोठ्या संख्येनं होते.

घाटावरचा कुशल लाइनमनसुद्धा कोकणात आला की पहिले दोन दिवस चाचपडतो. लाइन कुठून कुठे जाते हे त्याला माहीत नसतं. ते माहीत असतं स्थानिक वायरमनला, आणि तोही अनेकदा नकाशावरून नाही, डोक्यात. अमुक यांच्या कलमाच्या मागून तार जाते, तिथून पऱ्या ओलांडते, पुढचा खांब देवळाच्या गडग्याला चिकटून आहे. त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक पथकाला एक स्थानिक माणूस जोडून द्यावा लागतो, आणि तो माणूस एकच असतो. त्याचं स्वतःचं घरही त्याच वादळात सापडलेलं असतं. छपराची कौलं उडालेली, घरात पाणी, आणि हा दुसऱ्यांच्या वाडीत लाइन दाखवत फिरतोय. लाईट गेल्यावर सर्वांत जास्त शिव्याही त्यालाच.

त्यात कोरोना. हॉटेलं, लॉज बंद. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसांना गावात घ्यायचं की नाही यावरून गावोगावी तंटे चालू होते. त्याच गावांना आता शंभर-दोनशे किलोमीटरवरून आलेल्या अनोळखी माणसांची गरज होती.

'वीज चालू आहे' असं समजूनच काम

लाइन जोडली की लगेच चालू का करत नाहीत, हा लोकांना सर्वांत जास्त चीड आणणारा प्रश्न. याचं उत्तर समजून घेणं सर्वांत गरजेचं आहे, कारण इथं माणसं मरतात.

लाइनवर चढण्याआधी उपकेंद्रातून परमिट घ्यावं लागतं. म्हणजे हा फिडर बंद आहे आणि मी सांगेपर्यंत तो चालू करायचा नाही, असा करार. मग लाइन खरंच मेलेली आहे का ते तपासायचं, आणि जिथं काम करायचंय तिच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडायच्या, म्हणजे अर्थिंग करायचं. चुकून कुठून वीज आलीच तरी ती जमिनीत जावी. काम झालं की प्रत्येक टीमनं आपली माणसं खाली उतरवून परमिट परत करायचं. एका फिडरवर सहा टीम असतील तर सहाही परमिट परत आल्याशिवाय ब्रेकर चढवता येत नाही. रेंज नसलेल्या डोंगराळ भागात सहावी टीम कुठे आहे हे शोधायलाच तासभर जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काम संपलंय आणि माणसं बिड्या ओढत बसलीत.

पण उपकेंद्रातून बंद केलं तरी वीज दुसऱ्या बाजूनं येऊ शकते. तुमच्या घरातून.

हे कसं होतं ते बघा. लाईट नाही म्हणून कुणीतरी भाड्यानं जनरेटर आणतो आणि त्याची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये घालतो. घरातले दिवे लागतात. पण मेन स्विच बंद केलेला नसेल, तर तीच वीज मीटरमधून बाहेर पडून लघुदाबाच्या तारेवर जाते आणि तिथून डीपीत. डीपी दोन्ही बाजूंनी चालतो. सरळ बाजूनं तो ११ हजार व्होल्ट कमी करतो, उलट बाजूनं तुमचे २३० व्होल्ट वाढवून हजारोंवर नेतो. दोन किलोमीटरवर, बंद म्हणून जाहीर केलेल्या तारेला कुणीतरी हात लावलेला असतो. याला 'बॅकफीड' म्हणतात. जगभरात लाइनमन ज्या गोष्टीला सर्वाधिक घाबरतात, त्यातली ही एक.

उपाय अगदी साधा आहे. मेन स्विच खाली पाडल्याशिवाय जनरेटर जोडायचा नाही, आणि जोडायचा तर चेंजओव्हर स्विच बसवूनच. इन्व्हर्टर नीट बसवलेला असेल तर तो हे स्वतःच सांभाळतो. छतावर सोलर पॅनेल असूनही लाईट गेल्यावर घरात अंधार का होतो, याचं कारणही हेच. ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली सोलर यंत्रणा ग्रिड बंद पडताच स्वतःहून बंद होते, तारेवरच्या माणसाचा जीव वाचावा म्हणून.

दुसरी गोष्ट जमिनीवर पडलेल्या तारेची. बऱ्याच जणांना वाटतं, तार तुटून खाली पडली म्हणजे उपकेंद्रातला ब्रेकर आपोआप पडलाच असेल. नेहमी पडतो असं नाही. तार कोरड्या जांभ्यावर, डांबरावर किंवा वाळलेल्या पाल्यावर पडली तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असतो की ब्रेकरला काही बिघडलंय हे कळतच नाही. तार शांत पडलेली दिसते, ठिणगी नाही, आवाज नाही, आणि ती जिवंत असते. आठ दिवसांपूर्वी मेलेली तारसुद्धा कुठल्याही क्षणी जिवंत होऊ शकते, कारण कुठेतरी कुणीतरी फिडर चालू करून बघत असतो. म्हणून ती बाजूला सारायची नाही, काठीनंही नाही. निदान दहा मीटर लांब राहायचं, गुरं आणि पोरं त्या बाजूला जाणार नाहीत हे बघायचं आणि कळवायचं.

दहा मिनिटं येऊन परत का जाते?

याची दोन कारणं. पहिलं, फिडर चालू करणं हीच एक तपासणी असते. लांब फिडरवर एखादी फांदी अजून तारेला टेकलेली असेल, तर ब्रेकर चढवल्याबरोबर तो पडतो. मग फिडरचे तुकडे करत, मधले स्विच उघडत, बिघाड कुठल्या तुकड्यात आहे ते शोधायचं.

दुसरं कारण खास किनाऱ्याचं आहे, मीठ. वादळात समुद्राचं पाणी तुषार होऊन आतपर्यंत उडतं आणि इन्सुलेटरवर खाऱ्या पाण्याचा थर बसतो. वाळलं की मीठ राहतं. दिवसा कोरडं असताना काही होत नाही, पण रात्री दमट हवेत किंवा बारीक पावसात ते मीठ ओलं झालं की त्यातून वीज वाहू लागते, चरचर आवाज येतो, निळसर ठिणग्या दिसतात आणि फिडर पडतो. गंमत म्हणजे जोरदार पाऊस झाला की हे सगळं धुऊन निघतं. भाट्ये, मिऱ्यासारख्या समुद्राच्या तोंडावरच्या भागात तारा, पट्ट्या, नटबोल्ट गंजण्याचं दुखणं तर बारमाही.

तौक्ते आणि प्वेर्तो रिको

निसर्गला वर्ष होत नाही तोच तौक्ते आलं. मे २०२१ मध्ये ते जमिनीवर न येता कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं. वादळ समुद्रातून गेलं तरी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत खांब पडले, तारा तुटल्या, गावंच्या गावं अंधारात गेली. किनाऱ्याला घासून जाणाऱ्या वादळाची तऱ्हा वेगळी असते. एका जागी फार मोठा विध्वंस होत नाही, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात थोडं थोडं सगळीकडेच मोडतं. म्हणजे शेजारच्या जिल्ह्याकडून माणसं मागवावीत तर तोही अडचणीतच.

बाहेरून माणसं वेळेवर येणं किती मोलाचं असतं, हे बघायला प्वेर्तो रिकोकडे बघावं. अमेरिकेच्या ताब्यातलं हे कॅरिबियन बेट. २० सप्टेंबर २०१७ ला तिथं मारिया हे हरिकेन आदळलं (अटलांटिकमध्ये चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात, प्रकार तोच). सबंध बेटाची वीज गेली. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांमध्ये एकमेकींच्या मदतीला धावून जाण्याची जुनी पद्धत आहे, वादळ यायच्या आधीच शेजारच्या राज्यांतून ट्रकच्या रांगा निघतात. पण बेटावरच्या सरकारी कंपनीनं ही मदत मागायला ऑक्टोबरचा शेवट उजाडू दिला. त्याआधी एका छोट्या कंपनीला दिलेलं मोठं कंत्राट वादात सापडून रद्द करावं लागलं. चहूकडे समुद्र, त्यामुळे प्रत्येक खांब जहाजानं आणायचा. डोंगरांतल्या शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला २०१८ चा ऑगस्ट आला. जवळपास अकरा महिने. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची ही गत, म्हणजे आपले तीन आठवडे चांगलेच म्हणायचे का? तसं मला वाटत नाही. प्वेर्तो रिकोची यंत्रणा वादळाच्या आधीच मोडकळीला आलेली होती, मारियानं ती उघडी पाडली. हा धडा आपल्यालाही लागू पडतो.

मग सगळ्या तारा जमिनीखाली का नाही घालत?

प्रत्येक वादळानंतर हा प्रश्न येतो, आणि येऊन विरूनही जातो. भूमिगत केबलला माड पडण्याची भीती नाही, वाऱ्याचं भय नाही. पण खर्च वरच्या तारेच्या कैक पट. जांभ्यात चर खणायचा म्हणजे तो आणखी वाढतो. शिवाय बिघाड झालाच तर तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्र लावून शोधावा लागतो, मग खणावं लागतं. किनाऱ्यालगत जोडांमध्ये खारं पाणी शिरण्याचा धोका असतो. दाट वस्तीत हा खर्च परवडतो, डोंगरातल्या नऊ घरांसाठी परवडत नाही. पुन्हा तीच नऊ घरं.

तरी काहीच झालं नाही असं नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात अलिबाग, रत्नागिरी, सातपाटी या किनारी गावा-शहरांसाठी भूमिगत वीजवाहिन्यांची कामं घेतली गेली. निसर्ग आणि तौक्तेनंतर राज्य सरकारनं कोकणासाठी वेगळा आपत्ती सौम्यीकरण प्रकल्प आखला. त्यात भूमिगत वाहिन्या, निवारा केंद्रं, धूप रोखणारे बंधारे, विजा पडण्यापासून बचावाची यंत्रणा हे सगळं आहे.

मधला मार्गही आहे. उघड्या तारांऐवजी आवरण असलेली केबल वापरली तर फांदी टेकली तरी वीज जात नाही. दर पाच-सहा खांबांनंतर एक भक्कम, दोन्हीकडून ताण दिलेला खांब घातला तर ओळीनं पडणारे खांब तिथं थांबतात. फिडरला दोन बाजूंनी वीज मिळायची सोय असेल, तर एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूनं गाव चालू करता येतं. खाडीपलीकडच्या गावांना तर ही सोय सोन्यासारखी. यात नवं तंत्रज्ञान काही नाही. अडचण ही आहे की वादळानंतर सगळ्यांनाच घाई असते, लोकांना, पुढाऱ्यांना आणि कंपनीलाही. त्या घाईत तोच सिमेंटचा खांब त्याच खड्ड्याशेजारी, त्याच माडाखाली पुन्हा उभा राहतो. महिन्याभराच्या अंधारानंतर कुणी म्हणणार नाही की थांबा, आणखी पंधरा दिवस लागू देत पण नीट करा. नीट करायचं ते पुढच्या वादळाआधी, शांत असताना, आणि शांत असताना कुणाला आठवत नाही.

नुकसानभरपाईचं काय, असंही विचारलं जातं. वीजपुरवठा ठरलेल्या वेळेत सुरळीत झाला नाही तर ग्राहकाला भरपाई देण्याचा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा नियम आहे. पण चक्रीवादळ, पूर अशा आपत्तींना त्यातून सूट आहे. त्यामुळे वादळात गेलेल्या तीन आठवड्यांचे पैसे त्या नियमाखाली मिळत नाहीत.

तक्रार करताना

महावितरणचा टोल फ्री क्रमांक १९१२. शिवाय १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हेही आहेत. वादळानंतर ते लागायला वेळ लागतो, पण लागला की 'आमच्याकडे लाईट नाही' एवढंच सांगू नका. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक सांगा, त्यावरून तुमचा डीपी आणि फिडर शोधता येतो. लाइन कुठे तुटली आहे हे दिसत असेल तर ठिकाण सांगा आणि खांबावर रंगवलेला नंबर असेल तर तोही. सुरक्षित अंतरावरून काढलेला फोटो स्थानिक शाखा कार्यालयाला पाठवला तर बाहेरून आलेल्या पथकाचा लाइन शोधण्यातला अर्धा दिवस वाचू शकतो. मोठ्या लाइन चालू झाल्यावर तुमच्या एकट्याच्या घरात अंधार असेल तर ती तक्रार पुन्हा नोंदवा. डीपी चालू झाला की कार्यालयाच्या लेखी तुमची वाडी 'चालू' असते, आणि खांबावरून घरात येणारी तुमची तुटलेली सर्व्हिस वायर त्यांच्या कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही.